२५ हजारांत घरचा मीडिया सर्व्हर: यंत्र कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीला आई-वडिलांच्या घरी एक छोटा सर्व्हर, म्हणजे फाइली साठवून टीव्ही-फोनला पुरवणारा सतत चालू संगणक, ठेवायचा आहे. त्यावर लग्नामुंजींच्या दीडेकशे डीव्हीडी, वडिलांनी टिपलेले गणेशोत्सवातले कार्यक्रम, नातवंडांचे फोनवर काढलेले व्हिडिओ आणि थोडेफार सिनेमे जायचे आहेत. हॉलमधल्या टीव्हीवर ते रिमोटने लागले पाहिजेत, कॅनडातल्या बहिणीलाही दिसले पाहिजेत. बजेट २५ हजार. दुकानदार म्हणतो आय-सेव्हन, ३२ जीबी रॅम आणि ग्राफिक कार्ड असलेला पीसी असेम्बल करून देतो. मित्र म्हणतो रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा बोर्डवरचा संगणक, घे. यातलं कुठलं, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: दोन्ही नको. पहिल्यात पैसे नको तिथे जातात, दुसरा तुमच्या बहिणीपाशी अडेल. का ते सांगतो, कारण कारण कळलं की उद्या बाजारात मॉडेल बदललं तरी निवड तुमची तुम्हाला करता येईल.

लोकांच्या घरी असे सर्व्हर बसवून देणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. जवळजवळ प्रत्येक जण आधी प्रोसेसरचं विचारतो. मी मात्र आधी टीव्हीचं विचारतो. टीव्ही, किंवा त्याला लावलेली स्टिक, एखादी फाइल जशीच्या तशी वाजवू शकत असेल तर सर्व्हरला फक्त डिस्कवरून ती उचलून वायरवर टाकायची असते. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. पूर्ण एचडी ब्लू-रे डिस्कवरच्या चित्राची कमाल गती ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट), फोर-के ब्लू-रेची शंभर-सव्वाशेच्या आसपास. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचते, म्हणजे ८०० एमबीपीएस. दहा वर्षांपूर्वीचं यंत्रही हे झोपेत करेल. टीव्हीला फाइल कळत नसेल तरच सर्व्हरला ती बघता बघता दुसऱ्या रूपात बदलून पाठवावी लागते. हे ट्रान्सकोडिंग, आणि घाम निघतो तो इथे.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे: या घरात ट्रान्सकोडिंग कधी लागणार, किती जणांसाठी, आणि ते टाळता येईल का?

एकेक साठा घेऊ. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ प्रकारचं असतं, आपल्याकडे ७२० बाय ५७६, आणि घरगुती चित्रणात बहुतेक वेळा इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचं. हालचाल झाली की कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात त्या त्यामुळे. काही टीव्ही हे वाजवतात, काही स्टिक वाजवत नाहीत, फोनच्या ब्राउझरचा तर भरवसाच नाही. पण यासाठी भारी सर्व्हर घेण्यात अर्थ नाही. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने डिस्कची फाइल काढा, हँडब्रेक या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस चालू करून चित्र एकदाच एच.२६४ प्रकारात बदला, आवाज एएसी प्रकारचा ठेवा. असा एमपी४ जवळजवळ कुठल्याही टीव्हीवर, फोनवर, ब्राउझरवर सरळ लागतो. हे काम घरातला कुठलाही संगणक रात्रभर करत बसेल, त्याला वेगाची घाई नाही. मूळ फाइल मात्र ठेवा. पाच वर्षांनी अजून चांगली पद्धत आली तर परत मुळापासून करता येतं.

यात एक गोष्ट खरोखर घाईची आहे. लग्नाच्या डीव्हीडी म्हणजे दुकानात बर्न केलेल्या डिस्क, त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर वर्षांनुवर्षं फिका पडत जातो. कारखान्यात ठसा मारून बनवलेल्या डिस्कइतक्या त्या टिकत नाहीत. सर्व्हर कुठला घ्यायचा ते ठरेपर्यंत थांबू नका. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर आणा आणि सर्वांत जुन्या डिस्कपासून सुरुवात करा. एखादी डिस्क वाचताना अडली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, बऱ्याचदा तिथे वाचली जाते. मिनी-डीव्ही कॅसेट सापडल्या तर त्यांना फायरवायर पोर्ट लागतो, तो आता नव्या यंत्रांत मिळत नाही. ते काम ज्याच्याकडे जुना संच आहे त्याच्याकडून करून घेतलेलं बरं.

सिनेमांच्या फाइलींत अडचण सहसा चित्राची नसते. एक तर आवाज डीटीएस प्रकारचा असतो आणि टीव्हीला तो वाजवता येत नाही. आवाज बदलणं अगदी हलकं काम आहे, कुठलंही यंत्र करेल. दुसरी अडचण सबटायटलची, आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही. ब्लू-रे आणि डीव्हीडीवरची सबटायटल ही अक्षरं नसून चित्रं असतात. प्लेअरला ती वेगळी दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती मूळ चित्रावर छापून पाठवतो, आणि त्यासाठी अख्खा सिनेमा ट्रान्सकोड होतो. साध्या मजकुराची एसआरटी फाइल जोडली की हा प्रश्न मिटतो.

आता फोनचे व्हिडिओ. तुमची निवड इथेच ठरते. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेम आणि एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एच.२६४ पेक्षा नवी पद्धत) या सेटिंगला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. म्हणजे तासाला १० जीबी, आणि गती सुमारे २३ एमबीपीएस. आयफोन १२ पासून पुढे एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंग जास्त टिपणारं, चित्रण होतं, त्याच्या फाइली १०-बिट एचईव्हीसीच्या. अलीकडचे फोर-के टीव्ही हे सरळ वाजवतात, तेव्हा सांगलीच्या हॉलमध्ये चिंता नाही. पण बहीण मोबाइलवर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर बघणार असेल, मधे समुद्रापलीकडची लाइन असेल, तर २३ एमबीपीएस अखंड पोचेल याची खात्री देता येत नाही. तेव्हा सर्व्हरने ते १०८०पी करून, एचडीआरचे रंग साध्या पडद्याला जुळवून, ६ ते ८ एमबीपीएसमध्ये पाठवायला हवं. थोडक्यात, तुमच्या घरात ट्रान्सकोडिंगचं खरं कारण एकच: कॅनडा. आणि तेही एका वेळी एका माणसासाठी.

एवढ्या कामाला ग्राफिक कार्ड लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाची व्हिडिओची वेगळी सर्किटं असतात. प्रोसेसर आय-थ्री आहे की आय-सेव्हन याने इथे फारसा फरक पडत नाही, पिढीने पडतो. सहावी पिढी ८-बिट एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडते, १०-बिट नाही. सातव्या पिढीपासून १०-बिट येतं. एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत उलगडणं अकराव्या पिढीपासून. तुमच्याकडे १०-बिटचे व्हिडिओ आहेत, एव्ही१ जवळजवळ नाहीच, म्हणून तुमची रेषा सातव्या पिढीवर आहे. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, म्हणून क्विक सिंकही नसतं. स्वस्त मिळतो म्हणून असला घेऊ नका.

आणि याच रेषेवर सध्या बाजार आपल्या बाजूने आहे. विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडता इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे कंपन्या सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं काढून टाकतायत. आपण त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकणार, तिला त्याचं काही देणंघेणं नाही. कंपनीला टाकाऊ झालेलं सातव्या पिढीचं छोटं यंत्र तुमच्या कामाला अगदी नेमकं बसतं. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. जुन्या यंत्रासोबत ८ जीबी रॅम आणि एसएसडी आपसूक येते, हा फायदा आज पूर्वीपेक्षा मोठा आहे. घरच्या मीडिया सर्व्हरला ८ जीबी पुरते. ३२ जीबीचं दुकानदाराला विचारा की ती नेमकी कोण वापरणार आहे.

शोधायची यंत्रं: डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० किंवा ७०५० मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर एम७१०क्यू, एचपी एलिटडेस्क ८०० जी३ मिनी. सगळी जाड पुस्तकाएवढी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास, आणि ऑनलाइन रिफर्बिश्ड विकणाऱ्यांकडे चौकशी करा. यंत्रावर दहा-अकरा हजारांच्या वर जाऊ नका, कारण उरलेले पैसे दुसरीकडे लागणार आहेत.

घेताना तपासायच्या गोष्टी. या तिन्ही घरांची मॉडेलं सहाव्या आणि सातव्या अशा दोन्ही पिढ्यांत विकली गेली. खोक्यावर तेच नाव, आत आय५-६५००टी असेल किंवा आय५-७५००टी. जाहिरातीत ‘आय-फाइव्ह’ एवढंच लिहितात. यंत्र सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक स्वतः वाचा, ‘आय५’ नंतरच्या रेघेपुढचा पहिला आकडा ७ हवा. बायोसला पासवर्ड नाही ना ते त्याच वेळी कळतं. कंपनीतून आलेल्या यंत्रांना तो राहून गेलेला असतो आणि नंतर काढताना नाकी नऊ येतात. ॲडॅप्टर त्याच कंपनीचा हवा. डेलची यंत्रं ॲडॅप्टरची ओळख पटवून घेतात, पटली नाही तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात, आणि मग ‘जुनं यंत्र संथ आहे’ असा गैरसमज होतो. पंखा दहा मिनिटं ऐका. तारीख-वेळ मागे गेलेली दिसली तर सीआर२०३२ सेल बदलावा लागेल, ती क्षुल्लक गोष्ट. विकणारा यंत्र सुरू करून दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.

पण थांबा, त्याही आधी: घरात कुणाचा सातव्या किंवा पुढच्या पिढीचा जुना लॅपटॉप पडून आहे का? २०१७-१८ नंतरचा इंटेलचा लॅपटॉप यासाठी चांगला चालतो, यंत्राचा खर्च शून्य, आणि बॅटरी असल्याने लाइट गेली तरी तो बंद पडत नाही. पडदा फुटलेला, कीबोर्डची बटणं गेलेली असली तरी हरकत नाही. लिनक्समध्ये ‘झाकण मिटलं तरी चालू राहा’ असं सांगून ठेवावं लागतं. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती काढून टाका, त्यात काटकसर करू नका. शक्य असेल तर चार्जिंगची मर्यादा ६०-८० टक्क्यांवर लावा, कारण दिवसरात्र शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर मरते.

रास्पबेरी पायबद्दल. तुमच्या मित्राचा सल्ला वाईट नाही, सगळं डायरेक्ट प्ले असतं तर मीही कदाचित होकार दिला असता. पण पाय ५ मध्ये व्हिडिओ एनकोड करणारं हार्डवेअरच नाही. एचईव्हीसी उलगडतो, पण परत बांधायचं काम सगळं प्रोसेसरवर येतं, आणि फोर-केला तो धापा टाकतो. शिवाय बोर्ड, ५ अँपियरचा ॲडॅप्टर, डबी, थंड करायचा पंखा आणि एसएसडी यांची बेरीज केली की स्वस्ताई उरत नाही. साधा ॲडॅप्टर लावला तर पाय ५ यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपियरच देतो. त्यावर पोर्टेबल हार्ड डिस्क कधी चालते, कधी मधेच नाहीशी होते.

इंटेल एन१०० ची नवी छोटी यंत्रं हा खरा स्पर्धक. २०२३ मधला प्रोसेसर, ६ वॅटचा, क्विक सिंक ताजं, एव्ही१ उलगडतो. नवी वस्तू आणि वॉरंटी हवी असेल, किंवा पुढे चार-पाच घरांतून एकदम लोक बघणार असतील, तर मी हाच सुचवेन. पण अनोळखी ब्रँडच्या यंत्रात ॲडॅप्टर आणि एसएसडी कशी येईल ते नशिबावर असतं, आणि सांगलीच्या घरात बसून ते दुरुस्त करायला तुम्ही रोज नसणार. एएमडीची यंत्रं चालतात, पण त्यांच्या एनकोडिंगचं चित्र इंटेलइतकं चांगलं येत नाही असा अनुभव आहे, म्हणून मुद्दाम शोधून घेऊ नये. तयार दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, या बजेटमध्ये डिस्कशिवाय येईल, आणि प्रोसेसर अशक्त मिळेल. शिवाय नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२४ मध्ये आपल्या प्रणालीची डीएसएम ७.२.२ ही आवृत्ती आणताना व्हिडिओ स्टेशन हे आपलं व्हिडिओ दाखवणारं ॲपच बंद केलं, हे लक्षात असू द्या.

दुकानदाराच्या पीसीचा हिशेब विजेच्या बिलात करू. सर्व्हर २४ तास चालू असतो. ग्राफिक कार्डाचा पीसी काही न करता बसला तरी ५०-६० वॅट खातो. छोटं यंत्र १० ते १५. फरक ४५ वॅट धरला तर महिन्याला ३२ युनिट, वर्षाला ३९० च्या घरात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, आणि १०० च्या पुढचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. सर्व्हरचे युनिट तुमच्या बिलात सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने लागतात, सरासरीने नाही. सोयीसाठी १० रुपये युनिट धरा: वर्षाला ३,९०० रुपये निव्वळ फरकाचे. दोन-तीन वर्षांत छोट्या यंत्राची किंमत त्यातच वसूल. आणि हे बिल आई-वडील भरणार आहेत.

इथपर्यंतचा निष्कर्ष: घरात चालण्याजोगा लॅपटॉप असेल तर तो. नसेल तर सातव्या पिढीचं जुनं छोटं यंत्र. वॉरंटीशिवाय झोप लागत नसेल तर एन१००.

आता जिथे पैसे घालायचे तिथे येऊ. दीडशे डीव्हीडी, प्रत्येक ४.७ जीबीची धरली, म्हणजे ७०५ जीबी. बदललेल्या फाइली २ एमबीपीएसने दीड तासाच्या धरल्या तर प्रत्येकी १.३५ जीबी, एकूण २०० जीबी. फोनचं ५० तासांचं फोर-के चित्रण ५०० जीबी. थोडे सिनेमे धरून दीड-पावणेदोन टीबी. एक ४ टीबीची डिस्क घ्यावी की दोन २ टीबीच्या? दोन २ टीबीच्या. एक सर्व्हरला, दुसरी नकलेसाठी. आणि ती नक्कल सर्व्हरशेजारी ठेवू नका. तुमच्या पुण्याच्या घरी ठेवा, सांगलीला जाल तेव्हा नेऊन ताजी करा. २०१९ च्या पुरात सांगलीत पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नदीच्या बाजूला घर असेल तर सर्व्हर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नका, एवढं बोलतो.

दोन डिस्क रेडमध्ये (RAID, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडणी) जोडाव्यात असं कुणी सुचवेल. रेड एक डिस्क मेली तरी चित्रपट चालू ठेवतं. पण चुकून पुसलेली फाइल ते दुसऱ्या डिस्कवरूनही तत्परतेने पुसतं, आणि चोरी किंवा पाणी आलं तर दोन्ही एकत्र जातात. लग्नाच्या एकुलत्या एक चित्रणासाठी सुटी नक्कल जास्त मोलाची.

डिस्क कुठली? अडीच इंची पोर्टेबल, यूएसबीवरच वीज घेणारी. या बहुतेक सगळ्या एसएमआर प्रकारच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, असतात आणि एसएमआरचं नाव बदनाम आहे. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने ‘डब्ल्यूडी रेड’ नावाच्या मालिकेतल्या काही डिस्कमध्ये ते गाजावाजा न करता वापरलं म्हणून बराच गदारोळ झाला होता. पण तक्रार मुख्यतः वर सांगितलेल्या रेड (RAID) जोडणीत डिस्क बदलून पुन्हा भरतानाच्या संथपणाची होती. एकदा लिहायचं आणि पुन्हा पुन्हा वाचायचं, या कामात एसएमआरने काही बिघडत नाही. साडेतीन इंची डिस्क टीबीमागे स्वस्त पडते खरी, पण तिला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो, म्हणजे लाइट गेल्यावर जपायची आणखी एक वस्तू. पुढेमागे डिस्क यंत्राच्या आत बसवायची म्हणालात तर जाडी बघा: ३ टीबीच्या पुढच्या अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात आणि या छोट्या यंत्रांत मावत नाहीत.

डिस्क आणल्यावर ती एक्सफॅट या फाइली मांडायच्या पद्धतीवर असेल तर बदला. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, नसतं, लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलींची यादी बिघडू शकते. लिनक्सवर एक्स्ट४ करा, त्यात ते असतं. सुरू होताना डिस्क सापडली नाही तरी यंत्राने अडून बसू नये, अशी नोंद करून ठेवा. नाहीतर आईने झाडताना वायर हलवली की सर्व्हर काळ्या पडद्यावर थांबून राहील, आणि फोनवरून ते दुरुस्त करणं महाकठीण.

विजेचं तयार करूनच यंत्र तिथे ठेवा. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर सुरू हो’ अशा अर्थाचं सेटिंग असतं, ते चालू करा. डेल, लेनोवो, एचपीच्या ऑफिस यंत्रांत ते हमखास असतं, आणि मला ती आवडण्याचं हे एक मोठं कारण आहे. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस आणि इको असं बटण असतं. यूपीएसवर ठेवा, म्हणजे लाइट जाताना यंत्र पुन्हा सुरू होण्याइतका खंड पडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस. छोटं यंत्र आणि राउटर मिळून त्याच्यावर फार भार पडत नाही. राउटर त्यावर लावायचा विसरू नका.

नेटवर्कचं थोडक्यात: सर्व्हर राउटरला वायरने जोडा, टीव्ही शक्य तर ५ गिगाहर्ट्झ वायफायवर. बऱ्याच टीव्हींच्या मागचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. तुमच्या फाइलींना तो पुरतो, पण त्यापेक्षा चांगलं ५ गिगाहर्ट्झ वायफाय जास्त वेगाने चालू शकतं.

साठा टीव्ही-फोनवर दाखवायचं सॉफ्टवेअर मी जेलिफिन सुचवेन. २०१८ च्या अखेरीस ते एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं, पूर्ण मुक्त आहे. प्लेक्स हे तिसरं सॉफ्टवेअर दिसायला जास्त गुळगुळीत, पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला त्यांचं सशुल्क सदस्यत्व लागतं, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायलाही पैसे लागतात. जेलिफिनच्या सेटिंगमध्ये क्विक सिंक स्वतः निवडावं लागतं, आणि लिनक्सवर जेलिफिनला ग्राफिक्स वापरायची परवानगीही द्यावी लागते. हे राहिलं की सगळं काम प्रोसेसरच्या माथी येतं.

शेवटी बहीण. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुमचीही तशीच आहे, आणि राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काही होणार नाही. तसाही जेलिफिनचा पोर्ट उघडा इंटरनेटवर ठेवू नये. टेलस्केल हे दूरची यंत्रं खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप सर्व्हरवर आणि बहिणीच्या फोनवर, अँड्रॉइड टीव्हीवर किंवा ॲपल टीव्हीवर घाला. दोन्ही टोकं जणू एकाच घरच्या नेटवर्कवर येतात, व्यक्तिगत वापराला पैसे नाहीत. बदललेल्या डीव्हीडी २ एमबीपीएसच्या आसपास असल्याने तिला सरळ दिसतील. फोनच्या व्हिडिओंसाठी तिच्या खात्याला ८ एमबीपीएसची मर्यादा लावून द्या, म्हणजे सर्व्हर आपोआप लहान करून पाठवेल. तुमच्या प्लॅनचा अपलोड वेग किती आहे ते मात्र तपासा. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो.

काहीही विकत घेण्याआधी एक रविवार द्या. आत्ता वापरता त्याच लॅपटॉपवर जेलिफिन टाका, प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन फाइली घाला आणि सांगलीच्या टीव्हीवर लावून बघा. डॅशबोर्डवर प्रत्येक फाइल डायरेक्ट प्ले होतेय की ट्रान्सकोड, आणि होत असेल तर कोणत्या कारणाने, हे लिहून येतं. टीव्हीचं मॉडेल आणि ती कारणं मला कळवा. फक्त आवाज किंवा सबटायटल अडत असेल तर ते फाइलीतच सुटेल. चित्रच अडत असेल तर सर्व्हर बदलण्याऐवजी टीव्हीला एक फोर-के स्टिक लावणं स्वस्त पडेल.